भिंतीतलं अधांतरी दार : इंग्लंडमधलं मध्ययुगीन गावचर्च कसं वाचायचं

इंग्लंडच्या खेड्यातल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये गेलात तर आधी वेदीकडे जाऊ नका. मधल्या मोठ्या कमानीजवळ उभे राहा आणि बाजूच्या भिंतीवर जरा उंच नजर टाका. बऱ्याच ठिकाणी तिथे एक अरुंद दार दिसतं, माणूस जेमतेम मावेल एवढं. दारापुढे सज्जा नाही, कठडा नाही. पाऊल पुढे टाकलं तर थेट खालच्या फरशीवर. मी पहिल्यांदा असं दार पाहिलं तेव्हा बराच वेळ मान वर करून उभी राहिले. मग खाली, त्याच भिंतीच्या आडोशाला, दुसरं एक बुटकं दार सापडलं. त्याच्या आत गोल फिरत वर जाणारा दगडी जिना होता आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या होत्या. म्हणजे माणसं इथून खरोखर ये-जा करत होती. पण कुठे?

उत्तर सांगते, पण त्याआधी इमारत समजून घेऊ. कारण ही चर्चेस एका माणसाने एका वेळी आखून बांधलेली नाहीत. सहाशे-सातशे वर्षं गावाने जसा पैसा येईल तशी ती वाढवली, फोडली, पुन्हा सांधली. आणि आधीचं सगळं पुसून टाकणं कुणालाच परवडत नसल्यामुळे प्रत्येक पिढीची खूण भिंतीत राहून गेली. हे चर्च म्हणजे गावाची जुनी खातेवही आहे. अक्षर ओळखता आलं की ती वाचता येते.

ढोबळ नकाशा सोपा आहे. पश्चिमेकडे लोकांनी उभं राहायचं लांबट दालन, त्याला म्हणतात नेव्ह. पूर्वेकडे त्याहून लहान, बहुधा अरुंद खोली, ती चॅन्सल. तिथे वेदी असते आणि धर्मगुरू तिथे मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाची मुख्य उपासना, अर्पण करत. दोन्हींच्या मधली कमान म्हणजे चॅन्सल कमान. देवळाची सवय असलेल्या डोळ्यांना सभामंडप आणि गाभारा आठवतो, आणि पहिल्या ओळखीपुरती ती तुलना चालते. वेदी पूर्वेला असल्यामुळे आत शिरलं की दिशा आपोआप कळतात. मुख्य दार बहुतेक वेळा दक्षिणेच्या भिंतीत असतं, कारण ऊन तिकडून येतं. दारापुढे दगडी बाकांची ओसरी असते, तिला पोर्च म्हणतात. लग्नाचा पहिला विधी, म्हणजे एकमेकांना वचन देणं, त्या काळी चर्चच्या दाराशी होत असे. व्यवहाराचे शब्दही तिथेच दिले-घेतले जात.

आता खर्चाचा हिशेब, कारण तो कळल्याशिवाय इमारतीचा आकार कळत नाही. गावातल्या प्रत्येकाला पिकाचा, लोकरीचा, दुभत्याचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा लागे. हा दशांश ज्याच्या हाती जाई त्याला रेक्टर म्हणत. कधी तो स्वतः धर्मगुरू असे, कधी दूरचा एखादा मठ. रिवाज असा पडला की चॅन्सल नीट ठेवायची जबाबदारी रेक्टरची, आणि नेव्ह सांभाळायची जबाबदारी गावकऱ्यांची. म्हणून कितीतरी ठिकाणी नेव्ह उंच, प्रशस्त, खिडक्यांनी उजळलेला असतो, आणि चॅन्सल मात्र त्याच्या पाठीशी जुनीच, बुटकी. गावाने हात सैल सोडला होता, रेक्टरने नाही. हा नियम अजून पुरता मेलेला नाही. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावात एका शेताच्या मालक दांपत्यावर चर्चच्या चॅन्सलची दुरुस्ती करून देण्याची पाळी आली, कारण त्या जमिनीबरोबर जुन्या रेक्टरची जबाबदारीही त्यांच्याकडे आली होती. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि 2003 मध्ये ते हरले.

वय ओळखायचं तर सुरुवात भिंतीपासून करावी. 1066 मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या नॉर्मनांनी सॅक्सन लोकांचं इंग्लंड जिंकलं. त्याआधीची सॅक्सन चर्चेस थोडीच उरली आहेत, पण जी आहेत ती मन धरून ठेवतात. डरहॅम परगण्यातलं एस्कम हे सातव्या शतकाच्या उत्तरार्धातलं मानतात. अरुंद, उंच नेव्ह, चौकोनी छोटी चॅन्सल, वर लहानशा खिडक्या. दगड मात्र त्याहून जुने आहेत. जवळच बिंचेस्टरला रोमन किल्ला होता, त्याच्या पडक्या भिंतींतून ते उचलून आणले. उत्तरेकडच्या भिंतीत एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनची अक्षरं आहेत आणि तो दगड उलटा बसवला आहे. गवंड्याला चौकोनी, घडीव दगड हवा होता, त्याने तो लावला. मला या भिंतीत तो गवंडी अगदी जवळ उभा असल्यासारखा वाटतो.

नॉर्मनांनी भिंती जाड केल्या. बाहेरून-आतून घडीव दगड आणि मधे चुन्यात कालवलेली डबर, अशी त्यांची रीत. खांब हत्तीच्या पायासारखे, कमानी अर्धगोल, आणि कमानींवर नागमोडी नक्षीच्या ओळी. या काळातलं एकच चर्च पाहायला मिळणार असेल तर मी हेरेफर्डशायरमधलं किलपेक सांगेन. वेल्सच्या सीमेजवळचं, साधारण 1140 चं, तांबूस वालुकाश्माचं, अगदी लहान. छताखाली भिंतीला वळसा घालून दगडी मुखवट्यांची रांग आहे. ऐंशीहून जास्त शिल्पं शिल्लक आहेत. त्यांतल्या एका शिल्पात कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसले आहेत, गोल डोळे, पडलेले कान, दोघंही लहान मुलांनी मातीत करावेत असे. शिकार करणारा आणि शिकार, पण भांडण नाही. चर्चच्या भिंतीवर हे दोघं कशासाठी आले ते धर्मशास्त्रातून सांगता येईल, पण मला ते घडवणाऱ्याच्या हातातलं प्रेम पुरेसं वाटतं.

अर्धगोल कमानीची एक अडचण असते. तिची उंची रुंदीशी बांधलेली असते. गाळा दहा फूट रुंद असेल तर कमान पाच फूटच वर चढणार. गाळे कमी-जास्त रुंदीचे असले की कमानींची टोकं एका पातळीत येत नाहीत. शिवाय कमान वजन नुसतं खाली नेत नाही, पाय बाहेरही रेटते, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या बारीक ठेवाव्या लागतात. टोकदार कमानीने हे दोन्ही प्रश्न हलके केले. तिला हवं तितकं उंच करता येतं आणि तिचा बाहेरचा रेटाही कमी असतो. उरलेला रेटा सोसायला भिंतीला बाहेरून ठरावीक अंतरावर दगडी धिरे दिले, त्यांना बट्रेस म्हणतात. ताकद धिऱ्यांत गेली, मधली भिंत मोकळी झाली, आणि मोकळ्या भिंतीत खिडक्या मोठ्या होत गेल्या. गॉथिक शैली म्हणजे मुळात एवढंच. कॅथीड्रलमध्ये, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चमध्ये, याचा उपयोग दगडी छत पेलायला झाला. गावच्या चर्चला तो खर्च झेपणारा नव्हता, तिथे छत बहुधा लाकडीच राहिलं.

पुढचा काळ खिडक्यांवरून ओळखतात आणि हा भाग मला सगळ्यांत आवडतो. 1190 च्या सुमाराला खिडकी उंच, अरुंद, टोकदार झाली, भाल्याच्या पात्यासारखी. तिला लॅन्सेट म्हणतात. मग दोन लॅन्सेट शेजारी बसवून वर एकच मोठी कमान घातली. पण तेव्हा कमानीखाली, दोघींच्या डोक्यावर, भरीव दगडाचा कोपरा उरला. तो ओकाबोका दिसे म्हणून त्यात एक गोल भोक पाडलं, लाटलेल्या पोळीतून वाटीने पुरी कापून काढावी तसं. थोड्याच वर्षांत कुणाच्या तरी लक्षात आलं की पोळी ठेवायची गरजच नाही. कडेच्या बारीक दगडी काड्या ठेवल्या तरी जाळी उभी राहते. 1250 च्या सुमारापासून या काड्यांनी आधी वर्तुळं काढली, मग 1300 नंतर त्या पानासारख्या, ज्योतीसारख्या वळू लागल्या. आणि चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर वळणं थांबली. उभे दगडी गज खालपासून थेट कमानीपर्यंत सरळ जाऊ लागले आणि मधे आडव्या पट्ट्या आल्या. खिडकी काचेच्या चौकटींची भिंतच झाली.

या तीन टप्प्यांना आज अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर म्हणतात. ही नावं बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. थॉमस रिकमन नावाचा लिव्हरपूलच्या विमा कचेरीत हिशेब लिहिणारा माणूस सुट्टीत चर्चेस पाहत, मोजत, चित्रं काढत हिंडला, आणि 1817 मध्ये त्याने ही वर्गवारी छापली. पुढे तो वास्तुशिल्पी झाला. दोनशे वर्षांनंतरही चर्चच्या दाराशी ठेवलेल्या माहितीच्या कागदावर त्याचेच शब्द असतात. फक्त एक सावधगिरी बाळगावी : खिडकीचं वय म्हणजे भिंतीचं वय नव्हे. जुन्या भिंतीत नवी खिडकी बसवणं सोपं होतं आणि लोकांनी ते सर्रास केलं.

चर्च आडवं कसं वाढलं तेही भिंतीवर दिसतं. माणसं वाढली की नेव्हच्या बाजूच्या भिंतीत कमानी फोडायच्या, पलीकडे नवी बाहेरची भिंत उभारायची, आणि मधल्या जागेवर उतरतं छप्पर टाकायचं. या बाजूच्या पट्ट्याला आइल म्हणतात. आधी बहुधा एका बाजूला, मग पैसे जमले की दुसऱ्या. त्यामुळे एकाच नेव्हच्या एका अंगाला जाडजूड गोल खांब आणि समोर सडपातळ अष्टकोनी खांब असं जोडपं खूपदा भेटतं. कधी कमानींच्या डोक्यावर एक जुनी चिमुकली खिडकी राहून गेलेली असते. एकेकाळी तिच्यातून आभाळ दिसायचं, आता शेजारच्या आइलचं छत दिसतं.

आइल झाले की नेव्ह अंधारतो, कारण उजेड देणारी भिंत आत गेलेली असते. उपाय एकच, नेव्हची भिंत छतांच्याही वर चढवायची आणि तिथे खिडक्यांची रांग काढायची. हिला क्लिअरस्टोरी म्हणतात. ही नंतर वाढवली असेल तर पुरावा मनोऱ्यावर सापडतो. नेव्हच्या बाजूने मनोऱ्याकडे पाहा, दगडात उलट्या व्ही आकाराचा ओरखडा दिसेल. तिथे पूर्वीच्या उतरत्या छपराचं टोक टेकलेलं होतं.

मनोऱ्याबद्दल एकच गोष्ट सांगते. नॉरफोक आणि सफोकमध्ये गोल मनोऱ्यांची खूप चर्चेस आहेत. तिथल्या जमिनीत घडीव दगड नाही, मिळते ती गारगोटी, मुठीएवढी आणि वेडीवाकडी. चौकोनी मनोऱ्याला कोपरे लागतात आणि कोपऱ्याला घडीव दगड लागतो, तो लांबून आणावा लागे. गोलाला कोपराच नसतो. या मनोऱ्यांचं हेच कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं.

1348-49 मध्ये प्लेग आला आणि इंग्लंडमधली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. हर्टफर्डशायरमधल्या ॲश्वेलच्या चर्चमध्ये मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर कुणीतरी अणकुचीदार हत्याराने लॅटिनमध्ये कोरून ठेवलं आहे : 1350, दीनवाणं, रानटी, हिंसक वर्ष, आणि साक्ष द्यायला उरले ते लोकांतला गाळ. खाली 1361 सालच्या मोठ्या वादळाची नोंद आहे. अक्षरं ओबडधोबड आहेत, ओळी वर-खाली गेल्या आहेत. इतिहासाच्या पुस्तकातला मृत्यूचा आकडा वाचून मला जे कधी जाणवलं नव्हतं ते त्या ओरखड्यांनी जाणवलं. जगलेल्या माणसाला आपण जगलो याची लाज वाटत होती.

त्यानंतरच्या शतकात काही भागांत पैसा आला तो लोकर आणि कापडाच्या व्यापारातून. सफोकमधली लॅव्हनहॅम आणि लाँग मेलफर्ड, ग्लॉस्टरशायरमधलं नॉर्थलीच, ही चर्चेस त्या पैशाची. लॅव्हनहॅमचा मनोरा 141 फूट उंच आहे, आणि त्यावर ऑक्सफर्डच्या अर्लच्या घराण्याचा तारा आहे तशाच स्प्रिंग या कापडव्यापारी कुटुंबाच्या खुणाही. लाँग मेलफर्डला बाहेरच्या भिंतीवर गारगोटी आणि दगडाच्या जडावात देणगीदारांची नावं लिहिली आहेत, यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा या विनंतीसह. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर आणि पंख्याच्या पात्यावर नाव घालणाऱ्याला यात परकं काही वाटणार नाही. नॉर्थलीचला क्लिअरस्टोरी बांधवणारा जॉन फोर्टी 1458 च्या सुमारास वारला. त्याच्या थडग्यावर त्याची पितळी पत्र्यातली आकृती आहे : एक पाय मेंढीवर, दुसरा लोकरीच्या गठ्ठ्यावर.

आतल्या छोट्या गोष्टी खाली वाकून पाहाव्या लागतात. दारापाशी स्नानसंस्काराचं दगडी कुंड असतं. संस्काराने माणूस चर्चमध्ये प्रवेश करतो, म्हणून त्याची जागा दाराशी. कुंडाच्या काठावरून बोट फिरवा. समोरासमोर दोन ठिकाणी दगडाचा टवका उडालेला किंवा नंतर भरलेला लागतो. तिथे कुलपाचे आकडे होते. लोक मंत्रलेलं पाणी जादूटोण्यासाठी चोरून नेत, म्हणून 1236 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडं झाकून कुलूपबंद ठेवायचा हुकूम काढला. चॅन्सलच्या दक्षिण भिंतीत कोनाडा असतो आणि त्याच्या तळाशी भोक. ही पिसिना. मिस्सेची पात्रं विसळलेलं पाणी इथे ओतत. ते पवित्र, म्हणून गटारात न जाता भिंतीतून थेट पवित्र भूमीत मुरे. शेजारी पुजाऱ्यांच्या तीन दगडी बैठका. आता एक युक्ती : असाच भोक असलेला कोनाडा आइलच्या भिंतीत दिसला, तर तिथे कधीतरी वेदी होती हे नक्की समजा. आज तिथे खुर्च्यांची चळत असली तरी.

चॅन्सल कमानीच्या बाजूला भिंतीतून तिरपं आरपार गेलेलं भोक दिसलं तर तो स्क्विंट. पुष्कळदा सांगतात की महारोग्यांना बाहेरून मिस्सा दिसावा म्हणून हे केलं. पण त्यातून डोळा लावून पाहिलं की कळतं, बहुतेक स्क्विंट चर्चच्या आतूनच आतल्या वेदीकडे उघडतात. आइलमधल्या छोट्या वेदीवरच्या धर्मगुरूला मुख्य वेदीवर काय चाललं आहे ते दिसावं, एवढाच हेतू.

आणि आता ते दार. चॅन्सल कमानीखाली पूर्वी कोरीव, रंगवलेली लाकडी जाळीदार पडदी असे. पडदीच्या माथ्यावर माणसं चढू शकतील असा माळा, आणि माळ्यावर मोठा क्रूस, एका अंगाला येशूची आई मरिया, दुसऱ्या अंगाला शिष्य योहान. या क्रूसाला रूड म्हणत. भिंतीतला जिना त्या माळ्यावर जायचा. मेणबत्त्या लावायला, लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात, क्रूसावर कापड टाकायला आणि काढायला, कधी गायला लोक वर चढत. धर्मसुधारणेच्या लाटेत, म्हणजे इंग्लंड पोपपासून फुटून प्रोटेस्टंट होत असताना, राजा सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला 1547-48 मध्ये, क्रूस आणि मूर्ती उतरवल्या. 1561 मध्ये एलिझाबेथ राणीच्या हुकमाने माळे पाडले. पडदी ठेवावी असं त्या हुकमातच होतं, म्हणून पडद्या अनेक ठिकाणी टिकल्या. दगडी जिना पाडायचा खर्च कोण करणार? तो राहिला, आणि त्याचं वरचं दार उघड्या हवेत राहिलं.

याच काळात भिंतींवर चुन्याचा हात फिरला. मध्ययुगात ही चर्चेस आतून गिलावा केलेली, चित्रांनी भरलेली होती. दक्षिण दारातून आत शिरताच समोर उत्तर भिंतीवर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा सेंट ख्रिस्तोफर, आणि चॅन्सल कमानीच्या वर शेवटच्या न्यायाचं चित्र, मुक्त आत्मे एकीकडे, नरकाचा जबडा दुसरीकडे. सफोकमधल्या वेनहॅस्टनला हे चित्र लाकडी फळ्यांवर होतं आणि त्यावर सफेदी चढली होती. 1892 मध्ये डागडुजी करताना त्या फळ्या जुनं लाकूड म्हणून काढून चर्चच्या दफनभूमीत टाकल्या. रात्री पाऊस झाला. सकाळी चुना वाहून गेला होता आणि फळ्यांवरून चेहरे वर पाहत होते. ते चित्र आता पुन्हा चर्चमध्ये आहे. त्याच्या मधोमध तीन आकृत्यांपुरती जागा रंगवलेलीच नाही : एक क्रूसाची, दोन उभ्या माणसांची. कोरलेल्या मूर्ती त्या फळ्यांना टेकून उभ्या होत्या, म्हणून चित्रकाराने त्यांच्यामागे रंग लावलाच नाही. मूर्ती जाऊन पावणेपाचशे वर्षं झाली, त्यांची कोरी सावली तिथेच आहे.

आज दिसणारा उघडा दगड अनेकदा व्हिक्टोरियन काळातला आहे. एकोणिसाव्या शतकात ‘मूळ रूप’ आणायच्या उत्साहात आतला गिलावा खरवडला गेला आणि त्याबरोबर किती चित्रं गेली याचा हिशेब नाही. त्याविरुद्ध कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसने 1877 मध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी संस्था काढली, तिचं टोपणनावच ‘खरवडू नका’ अशा अर्थाचं पडलं.

त्याच उत्साहाची एक लाट मुंबईपर्यंत पोचली. कुलाब्याचं अफगाण चर्च, म्हणजे सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट, 1838 ते 1842 च्या पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं आणि 1858 मध्ये त्याचं अर्पण झालं. तेराव्या शतकातलं इंग्लंडचं धर्मग्राम चर्च कसं असावं याचा अभ्यास करून हेन्री कॉनीबेअरने तो आराखडा केला, दगड मात्र कुर्ल्याचा आणि पोरबंदरचा. नेव्ह, दोन आइल, टोकदार कमानी, पूर्वेला चॅन्सल, मनोऱ्यावर निमुळतं शिखर, सगळं ओळखीचं भेटेल. मुंबईत असाल तर इंग्लंडला जायच्या आधी तिथे जाऊन हे भाग एकदा नावानिशी पाहून घ्या. मनोऱ्यावर जुन्या छपराचा ओरखडा तिथे नाही, समोरासमोरचे खांब जुळे आहेत, आणि भिंतीत वर कुठलंही दार नाही.